साडेआठ टीएमसीचं भांडण आणि वाऱ्याचा वाटा

३० ऑक्टोबर २०२३ रोजी आदेश निघाला. नाशिक आणि नगर जिल्ह्यांतल्या धरणांतून जायकवाडीसाठी ८.६०३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचं. मुळा समूहातून २.१०, प्रवरा समूहातून ३.३६, गंगापूरमधून ०.५ आणि दारणातून २.६४३. त्यानंतर जे झालं ते मराठी वर्तमानपत्रं वाचणाऱ्या प्रत्येकाला आठवत असेल. वरचे, म्हणजे नाशिक-नगरचे, म्हणाले, आमच्याच पिकांना पाणी नाही. खालचे, म्हणजे मराठवाड्यातले, म्हणाले, कायद्याने आमचं आहे ते द्या. रास्ता रोको झाले, प्रकरण न्यायालयांत गेलं, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस पाणी नदीपात्रात उतरलं. वाटेत किती मुरलं, किती उपसलं, पैठणला किती पोचलं, यावर पुढे बरेच दिवस खडाजंगी चालली.

या सगळ्या गदारोळात एक हिस्सेदार असा होता की ज्याने ना अर्ज केला, ना वकील दिला. त्या हंगामात नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाच्या, पाण्यावरून जो वारा वाहिला, त्याने किती पाणी नेलं, हा या लिखाणाचा विषय. भांडण होतं साडेआठ टीएमसीचं. हिशोब मांडला की कळतं, वाऱ्यानेही साधारण तेवढंच नेलं. मात्र या जुळणाऱ्या आकड्यांतून लोक जो अर्थ काढतात, तो चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे सांगणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

धरणाचा आकार

जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं लोकार्पण झालं. मातीची भिंत जवळजवळ दहा किलोमीटर लांब. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२. एकूण साठा २९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे १०२ टीएमसीच्या वर. त्यातला २१७१ दलघमी उपयुक्त साठा आणि ७३८ दलघमी मृतसाठा, म्हणजे कालव्यांना न मिळणारं तळाचं पाणी. पूर्ण भरल्यावर पाण्याचा पसारा ३५० चौरस किलोमीटरच्या आसपास जातो.

यातला शेवटचा आकडा लक्षात ठेवायचा. २९०९ दलघमीला ३५० चौरस किलोमीटरने भागा, सरासरी खोली येते ८.३ मीटर. जेमतेम तीन मजली घराएवढी. आता कोयना घ्या. साठा १०५ टीएमसी, म्हणजे जायकवाडीच्या बरोबरीचाच, पण पाण्याचा पसारा सुमारे ११५ चौरस किलोमीटर. कोयना सह्याद्रीच्या खोल दरीत कोंडलेली आहे, तर नाथसागर पठारावर सांडलेला आहे. तेवढंच पाणी एकाने तांब्यात ठेवलं, दुसऱ्याने परातीत.

यात कुणा अभियंत्याचा दोष काढायचा नाही. पैठणजवळ गोदावरीला दरीच नाही. मराठवाड्याला मोठं धरण हवं होतं, नदी तिथून वाहत होती, आणि जमीन सपाट होती. उथळ धरण बांधणं किंवा धरणच न बांधणं, एवढेच पर्याय होते. पण या निवडीबरोबर हवेचा वाटाही ठरून गेला, तो पुढे दरवर्षी भरायचा होता.

पाणी उडतं म्हणजे काय होतं

पाण्याच्या पृष्ठभागावरचे काही रेणू इतके वेगात असतात की ते इतरांची ओढ तोडून हवेत जातात. हवेतले काही रेणू परतही येतात. जाणारे जास्त आणि येणारे कमी असले की त्याला आपण बाष्पीभवन म्हणतो. पाण्याला अगदी चिकटून असलेला हवेचा पातळ थर बाष्पाने भरलेला असतो. तो तसाच राहिला तर काम थांबतं. वारा तो थर उचलून नेतो आणि कोरडी हवा आणून ठेवतो, की पुन्हा सुरू. जॉन डाल्टनने १८०२ च्या सुमारास हेच मांडलं: पाण्याच्या पृष्ठभागावरचा बाष्पदाब आणि हवेतला बाष्पदाब यांत जितकी तफावत, आणि वर जितका वारा, तितकं पाणी जातं.

नाथसागरावर ही तफावत ऋतूप्रमाणे किती बदलते ते बघू. मे महिन्यातली दुपार, हवा ४० अंश, आर्द्रता १५ टक्के, पाणी साधारण २८ अंश. पाण्यालगतचा बाष्पदाब ३.८ किलोपास्कल, हवेतला १.१. तफावत २.७. ऑगस्टमध्ये हवा २६ अंश, आर्द्रता ८५ टक्के, पाणीही तेवढंच कोमट. तफावत जेमतेम ०.५. पाचपटीहून जास्त फरक. म्हणून 'उन्हाने पाणी आटलं' हे वाक्य अर्धंच खरं आहे. ऊन हवंच, पण कोरडी हवा आणि वारा नसेल तर एकट्या उन्हाने एवढं होत नाही.

उन्हाचं काम वेगळं आहे. एक लिटर पाणी वाफ होऊन जायला सुमारे २.४५ मेगाज्यूल उष्णता लागते, आणि ती कुठूनतरी यायला हवी. एप्रिल-मेमध्ये नाथसागरावरून दिवसाला दीड दलघमी पाणी जातं असं धरलं, तर त्यासाठी लागणारी उष्णता अखंड चालणाऱ्या ४२ हजार मेगावॉटच्या वीजकेंद्राएवढी होते. महाराष्ट्राची कमाल विजेची मागणी ३० हजार मेगावॉटच्या घरात आहे. एवढी मोठी यंत्रणा पैठणजवळ रोज चालते, आणि तिचा आवाजही येत नाही.

ती रात्रीही चालते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पाणी दिवसभर उष्णता साठवतं आणि रात्री सोडतं, म्हणून सूर्य मावळला तरी काम पूर्ण थांबत नाही. हिवाळ्यात पहाटे पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं. तेव्हा धरणाच्या कडेला जे धुकं दिसतं, ते नुकतंच उडालेलं पाणी थंड हवेत पुन्हा थेंब होऊन तरंगत असतं.

आणखी एक बारकावा. मोठ्या जलाशयाच्या वाऱ्याकडच्या काठावर बाष्पीभवन जास्त होतं. शेतांवरून येणारी हवा कोरडी असते. पाण्यावरून पुढे सरकता सरकता ती ओली होत जाते आणि तिची भूक कमी होते. त्यामुळे काठच्या माळावर मोजलेला आकडा जसाच्या तसा मधल्या पाण्याला लावता येत नाही.

मोजायचं कसं

धरणावरून दिवसाला किती पाणी उडालं हे थेट मोजता येत नाही. मोजतात ते एका गोल भांड्यात. बाष्पपात्र म्हणतात त्याला. १.२२ मीटर व्यासाचं, साधारण २५ सेंटिमीटर खोल, तांब्याच्या पत्र्याचं, बाहेरून पांढरं रंगवलेलं आणि लाकडी चौकटीवर ठेवलेलं, म्हणजे खालून हवा खेळती राहते. वर षटकोनी जाळी, नाहीतर कावळे आणि कुत्री हिशोब बिघडवतात. आत एका कडेला छोटी विहीर असते, तिच्यात एक टोकदार खूण. रोज सकाळी निरीक्षक मापाच्या भांड्याने पाणी ओततो, पातळी त्या टोकाला टेकेपर्यंत. जेवढं ओतलं, तेवढं काल उडालं. मेमध्ये दिवसाला १२ मिलिमीटर उडालं, तर ओतायला लागतं सुमारे १४ लिटर. एवढ्याशा पात्रातून एका दिवसात चौदा लिटर, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला खोटं वाटतं.

पण पात्र आणि धरण सारखं नसतं. पात्राचा पत्रा तापतो, त्यातलं थोडंसं पाणी झटकन गरम होतं, चारही बाजूंनी कोरडी हवा लागते. म्हणून पात्राच्या आकड्याला ०.७ ते ०.८ ने गुणून धरणाचा आकडा काढतात. हा गुणक दिसायला किरकोळ आहे. ०.७ धरायचा की ०.८, यावर निकाल सातेक टक्के इकडे नाहीतर तिकडे सरकतो. दोन टोकांमधला फरक नाथसागराच्या आठ महिन्यांत ३५ दलघमीच्या घरात जातो. एखाद्या शहराला दिवसाला दीडशे दशलक्ष लिटर पाणी लागतं असं धरलं, तर ३५ दलघमी म्हणजे त्या शहराचं साडेसात महिन्यांचं पिणं. वरून सोडलेल्या पाण्यातलं वाटेत किती घटलं यावर लोक दशांशापर्यंत भांडतात, पण या गुणकावर कुणी भांडल्याचं ऐकिवात नाही.

२०२३-२४ चा हंगाम

२०२३ चा पावसाळा मराठवाड्यात वाईट गेला. ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीत उपयुक्त साठा निम्म्यापेक्षा थोडा कमी, सत्तेचाळीस टक्क्यांच्या आसपास होता. ही तारीख योगायोगाची नाही. वरच्या आणि खालच्या धरणांत पाणी कसं वाटायचं, हे सांगणाऱ्या मेंढेगिरी समितीच्या सूत्राप्रमाणे १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचा प्रश्न उभा राहतो. तो उभा राहिला आणि आदेश निघाला.

आता माझा हिशोब. हे सरकारी आकडे नाहीत, ढोबळ गणित आहे, आणि कुणीही ते तपासून बघू शकतो. धरण भरलेलं असताना पसारा ३५० चौरस किलोमीटर. उपयुक्त साठ्याची उंची सुमारे साडेआठ मीटर आणि त्यात मावतात २१७१ दलघमी. त्यावरून मृतसाठ्याच्या पातळीला पसारा १६० चौरस किलोमीटरच्या आसपास उतरत असावा. ४७ टक्क्यांना तो २६५ च्या जवळ येतो.

ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर सरासरी पसारा २५० धरला. या काळात दिवसाला तीन ते चार मिलिमीटर, एकूण ३५५ मिलिमीटर. म्हणजे सुमारे ८९ दलघमी. फेब्रुवारी-मार्चमध्ये वारा कोरडा होतो, दिवसाला साडेचार ते सहा मिलिमीटर, एकूण सव्वातीनशेच्या जरा खाली, पसारा २१५, ६८ दलघमी. एप्रिल-मेमध्ये साडेसात ते साडेआठ मिलिमीटर, एकूण ४८८, पसारा १८५ वर आलेला, ९० दलघमी. बेरीज २४७ दलघमी. ८.६०३ टीएमसीचे दलघमी करा, २४४ येतात.

आकडे एवढे जुळले हा थोडा योगायोगच. गुणक बदलला तर २२५ ते २७० मध्ये कुठेही येतील. पण मुद्दा तेवढ्याने हलत नाही. जूनच्या सुरुवातीला उपयुक्त साठा पाच टक्क्यांच्या आसपास आला होता. म्हणजे धरणातून आठ महिन्यांत नऊशे दलघमी साठा घटला, शिवाय वरून जे आलं तेही गेलं. या सगळ्यातला पाव हिस्सा किंवा त्याच्या जरा आत, ना कालव्याला गेला ना नळाला. तो वर गेला.

इथे घसरायला होतं

हा आकडा एखाद्या सभेत सांगितला तर दोन प्रतिक्रिया येतील, हे मी पैजेवर सांगतो. वरच्या भागातला माणूस म्हणेल, "बघा, आम्ही दिलेलं सगळं पाणी उडूनच गेलं. मग द्यायचं कशाला?" खालच्या भागातला म्हणेल, "एवढं उडतं तर आम्हाला आणखी द्या."

दोघांचंही गणित चुकतंय. वरून आलेलं पाणी आधी असलेल्या पाण्यात मिसळतं आणि पातळी थोडी वाढवतं. समजा दोनशे दलघमी पोचले. पसारा अडीचशे चौरस किलोमीटर असेल, तर पातळी वाढते ०.८ मीटरने. काठ सपाट आहेत, त्यामुळे पसाराही वाढतो, पण किती? साधारण १८ चौरस किलोमीटर. त्या जादा पसाऱ्यावरून आठ महिन्यांत जास्तीत जास्त वीस दलघमी उडेल. खरं तर त्याहूनही कमी, कारण ते पाणी सगळे आठ महिने तिथे बसून राहत नाही. म्हणजे पोचलेल्या पाण्यातला जेमतेम दहावा हिस्सा वारा नेतो. बाकीचा सगळा वाटा तो आधीपासून असलेल्या पसाऱ्यावरून नेतच होता, वरून एक थेंब आला नसता तरी.

हाच तर्क दुसऱ्या बाजूलाही लागतो. 'उन्हाळ्यापर्यंत पाणी धरून ठेवू नका, डिसेंबर-जानेवारीतच रब्बीला देऊन टाका, म्हणजे उडणार नाही' असं जे म्हणतात, त्यांना मिळणारी बचत फार छोटी आहे. एक टीएमसी लवकर वापरलं तर पातळी दहा-बारा सेंटिमीटर उतरते, पसारा अडीच चौरस किलोमीटर घटतो, आणि वाचतं दोन दलघमी. रब्बीला आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, लवकर द्यायला इतर चांगली कारणं आहेत, हरभरा आणि गहू वेळेवर पाणी मागतात. पण बाष्पीभवन वाचवायचं म्हणून धरण घाईने रिकामं करायचं, तर पुढचा पावसाळा लांबल्यावर छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याच्या नळांना काय द्यायचं? मृतसाठ्याच्या पातळीलाही दीडशेहून अधिक चौरस किलोमीटर पाणी उघडं राहतं, आणि तेही उडतं. मृतसाठा कालव्यांना मिळत नसला तरी वाऱ्याला मिळतो.

काठावरची ओल

पाणी मागे सरकतं तसा गाळ उघडा पडतो आणि फुगवट्यात गाळपेर सुरू होते. गहू, हरभरा, पुढे कलिंगड, खरबूज. ओल जशी मागे जाईल तशी पेरणीही मागे मागे जाते. कुणाचा पट्टा कुठपर्यंत, यावरून दरवर्षी थोडी कुरबुर होतेच.

या गाळातूनही पाणी हवेत जातं, पण त्याची रीत निराळी. सुरुवातीला माती वरून ओली असते तेव्हा ती जवळजवळ उघड्या पाण्याएवढंच देते. मग वरचा एखादा इंच वाळला की वेग एकदम पडतो. खालची ओल वर यायला तिला मातीच्या बारीक पोकळ्यांतून चढावं लागतं, आणि कोरडा थर आडवा येतो. काळ्या जमिनीत मात्र पुढे भेगा पडतात आणि त्या भेगांतून खोलवरची ओलसुद्धा हवेला भिडते. कोळपणीने भेगा बुजतात आणि वर भुसभुशीत थर तयार होतो. 'एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी' असं आपल्याकडे म्हणतात, त्यामागचं शास्त्र एवढंच आहे.

आणि मग पीक. गव्हाने मुळांतून जेवढं पाणी ओढलं, त्यातलं शंभरातलं एखादं माप त्याच्या अंगात राहतं. बाकी सगळं पानांच्या सूक्ष्म रंध्रांतून हवेत. ही गोष्ट जायकवाडीच्या चर्चेत कधीच येत नाही, आणि ती न येणं मला खटकतं. कालव्यातून शेतात गेलेलं पाणी 'वापरलं' म्हणून लिहिलं जातं आणि धरणावरून उडालेलं 'वाया गेलं' म्हणून, पण दोन्ही जातं हवेतच. फरक एवढाच की शेतातून जाताना ते धान्य, कडबा, साखर असं काहीतरी मागे ठेवून जातं.

ते काय ठेवून जातं, यावर मात्र माणसाचा हात चालतो. उसाला वर्षभरात दोन ते अडीच मीटर पाणी लागतं, म्हणजे हेक्टरी २० ते २५ हजार घनमीटर. वारा घेऊन गेलेले २४७ दलघमी उसाला दिले, कालव्यातली गळती शून्य धरली, तर दहा-बारा हजार हेक्टर भिजतील. हरभऱ्याला तीनशे मिलिमीटर धरलं तर ८० हजार हेक्टर. हे गणित साखर कारखान्यांच्या भागात लोकांना आवडत नाही, हे मला ठाऊक आहे.

झाकायचं म्हटलं तर

उपाय सुचवणारे नेहमी भेटतात. पाण्यावर मेणासारख्या अल्कोहोलचा एका रेणूच्या जाडीचा थर पसरवायचा, हा जुना प्रयोग. १९५० च्या दशकापासून ऑस्ट्रेलियात आणि पुढे भारतातही झाला. शांत, लहान तलावावर तो थोडाफार चालतो. नाथसागरावर एप्रिल-मेमध्ये वारा सुटला की लाटा तो थर फाडून एका काठाला लोटतात. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या एका जलाशयावर २०१५ मध्ये साडेनऊ कोटींवर काळे प्लॅस्टिकचे चेंडू सोडले होते, त्याचं मूळ कारण उन्हामुळे पाण्यात तयार होणारी घातक रसायनं रोखणं हे होतं. तो जलाशय नाथसागरापुढे डबकंच म्हणायचा.

खरी चर्चा झाली ती तरंगत्या सौर प्रकल्पाची. हजार मेगावॉटहून मोठा प्रकल्प, पाण्यावर पॅनेल, वीजही आणि सावलीही. मासेमारी करणाऱ्यांनी विरोध केला. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, म्हणून पक्षीप्रेमींनीही. प्रकरण हरित लवादात गेलं, आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विरोधातली याचिका फेटाळली. प्रकल्प व्हावा की नाही, हा स्वतंत्र वाद आहे. पाण्यापुरतं बोलायचं तर एका मेगावॉटला साधारण एक हेक्टर लागतं, म्हणजे हजार मेगावॉटला दहा चौरस किलोमीटर. वर्षभरात नाथसागरावरून पावणेदोन मीटर पाणी उडतं असं धरा, आणि पॅनेलखाली त्यातलं दोनतृतीयांश वाचतं असं उदारपणे माना. बारा दलघमी, म्हणजे अर्ध्या टीएमसीच्याही आत. वीज म्हणून प्रकल्प विकायचा असेल तर खुशाल विकावा, पण 'बाष्पीभवन रोखणार' ही जाहिरात त्याला शोभत नाही.

मग हे पाणी वरच्या खोल धरणांतच साठवून लागेल तसं खाली सोडायचं का? कागदावर हे सगळ्यांत चोख. घाटमाथ्यालगतची धरणं अरुंद आणि खोल आहेत, हवा ओलसर, तिथे उडणं कमी. पण सोडताना कोरड्या पात्रात पहिलं पाणी वाळू पिते, काठावर मोटारी लागलेल्या असतात, आणि मुख्य म्हणजे चावी वरच्याच्या हातात राहते. २०२३ चा नोव्हेंबर पाहिलेला मराठवाड्यातला माणूस हा पर्याय ऐकूनसुद्धा घेणार नाही, आणि मी तरी त्याला दोष देणार नाही.

ते पाणी गेलं कुठे

उडालेलं पाणी नष्ट झालेलं नसतं, हे शाळेत शिकलेलं आहे. त्यावरून काहीजण म्हणतात, मग तिथेच कुठेतरी पाऊस होऊन पडेल की. तसं होत नाही. बाष्प हवेत सरासरी आठ-दहा दिवस राहतं आणि तेवढ्यात वारा त्याला शेकडो, कधी हजारो किलोमीटर नेतो. उन्हाळ्यात मराठवाड्यावर वारे बहुतेक पश्चिम-वायव्येकडून येतात, म्हणजे नाथसागराची ओल विदर्भ-तेलंगणाकडे सरकते आणि वाटेत कोरड्या हवेत इतकी पातळ होते की तिचा ढग होणं अवघड. एप्रिल-मेमध्ये जी गारपीट आणि अवकाळी येते, तिच्या ओलीचा मोठा वाटा समुद्रावरून आलेला असतो. पैठणच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ते पाणी गेलं ते गेलंच.

सप्टेंबर २०२४ मध्ये जायकवाडी भरलं आणि दरवाजे उघडावे लागले. वर्तमानपत्रांत फोटो आले, नाथसागर तुडुंब. त्या ऑक्टोबरला पसारा साडेतीनशेच्या घरात होता. पाणी सावकाश उतरलं असं धरून तेच गणित पुन्हा केलं, तर पुढच्या आठ महिन्यांत वाऱ्याचा वाटा ३४० दलघमीच्या आसपास येतो, बारा टीएमसी. आकडा मोठा दिसतो, पण उपयुक्त साठ्याच्या मानाने तो सोळा टक्के आहे. २०२३-२४ मध्ये ऑक्टोबरच्या उपयुक्त साठ्याच्या मानाने तो चोवीस टक्के होता. साठा निम्म्यावर आला तरी पसारा निम्म्यावर येत नाही, म्हणून दुष्काळाच्या वर्षी वारा ताटातला मोठा घास घेतो. १५ ऑक्टोबरला धरणातलं पाणी मोजून वाटप ठरवताना साठ्याच्या टक्केवारीची रेघ बघतात. त्याच दिवशी 'यातलं इतकं मेपर्यंत उडणार' हा रकाना पसाऱ्यावरून भरून, उरलेल्या पाण्याचं आवर्तन आणि उसाच्या नव्या लागवडीचा निर्णय शेतकऱ्यांपुढे ठेवता येतो. त्याला नवा कायदा लागत नाही, नवं यंत्रही नाही.